बॉयलर नवा, तरी जमीन गारच! बिघडलेल्या रेडियंट फ्लोअर हीटिंगचा दोष शोधायचा कसा?

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, कनेक्टिकट या पट्ट्यात जुनं घर घेणाऱ्या आपल्या मंडळींची एक तक्रार थंडी सुरू झाली की हमखास कानावर येते. जमिनीखालच्या पाइपांतून गरम पाणी फिरवणारं हीटिंग (रेडियंट फ्लोअर हीटिंग) आहे म्हणून घर आवडलं, आधीच्या मालकाने बॉयलरही नवा बसवलेला, आणि प्रत्यक्षात हॉलमध्ये स्वेटर घालून बसावं लागतं तर बाथरूममध्ये पाय भाजतात. आमच्या घराची हीच कथा होती. लाकडी जमिनीखाली कसेबसे ठोकलेले पाइप, आणि जुन्या ओतीव लोखंडाच्या बॉयलरच्या जागी भिंतीवर टांगलेला नवा कंडेन्सिंग बॉयलर. जो प्लंबर येई तो एखादा पंप नाहीतर व्हॉल्व्ह बदलून बिल देऊन जाई. मोजमाप कोणी घेत नव्हतं. शेवटी बॉयलरपासून जमिनीपर्यंत पाण्याच्या मागोमाग जाऊन प्रत्येक टप्प्यावर तापमान लिहायला लागलो, तेव्हा उलगडा झाला. तोच क्रम खाली देतो आहे. सगळी मापं इथल्या पद्धतीने: फॅरनहाइट, फूट, गॅलन.

हात घालण्याआधी एक सूचना. मॅसॅच्युसेट्समध्ये गॅस आणि प्लंबिंगचं काम स्वतःच्या घरातसुद्धा स्वतः करता येत नाही. लायसन्सवाला प्लंबर आणि गावाचं परमिट लागतं. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, तुमच्या टाउन हॉलमध्ये विचारा. तुमचं काम पाहणं, मोजणं, लिहून ठेवणं आणि कंट्रोलरच्या सेटिंग समजून घेणं. गॅसची लाइन, बर्नरचं झाकण आणि धुराचा पाइप यांना हात लावू नका. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म चालू आहेत का ते आजच दाबून बघा.

१. कागद आणि हत्यारं गोळा करा

कागद:
- बॉयलरचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल. घरमालकासाठीची पातळ पुस्तिका नव्हे, प्लंबरसाठीचं जाडं. मॉडेल नंबर टाकला की कंपनीच्या साइटवर मिळतं.
- बॉयलरवरच्या पाटीचा फोटो. कमाल आणि किमान बीटीयू (उष्णतेचं इथलं माप, दर तासाला) किती, हे दोन्ही आकडे पुढे लागतील. पाटीवर किमान आकडा नसेल तर मॅन्युअलमध्ये असतो.
- गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटमधली परमिटची नोंद. बॉयलर बदलताना परमिट काढलंच नसेल तर तेही इथेच कळतं.
- बॉयलर सुरू करताना धुराची तपासणी केल्याचा छापील कागद. बहुतेकांकडे नसतो, आणि तो नसणं हाच तपासणी न झाल्याचा पुरावा समजा.
- जमीन बंद होण्याआधीचे फोटो, आधीच्या मालकाकडे असतील तर. मागायला लाजू नका.

हत्यारं: इन्फ्रारेड थर्मामीटर, टायरमधली हवा मोजायचा गेज, बागेतला होज, बादली, टेप आणि वही. थर्मल कॅमेरा विकत घेऊ नका, इथल्या काही लायब्रऱ्यांत पुस्तकासारखा घरी नेता येतो. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तांब्यावर धरला तर साफ खोटं सांगतो. जिथे मोजायचं तिथे काळी इलेक्ट्रिकल टेप गुंडाळा आणि त्या टेपवर नेम धरा. १३० अंशांचा पाइप ९० दाखवतो तो यामुळेच.

२. जमिनीखाली काय आहे ते ओळखा

बेसमेंटमध्ये जाऊन वर बघा. साधारण तीन प्रकार दिसतात. पाइप काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा पातळ जिप्समच्या थरात पुरलेले असतील तर ९० ते ११० अंशांचं पाणी पुरतं. लाकडी जमिनीला खालून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये घट्ट बसवलेले असतील तर ११० ते १३० धरा. आणि पट्ट्या न लावता नुसते खिळे मारून ठोकलेले किंवा जोइस्टच्या (जमिनीखालच्या लाकडी तुळयांच्या) मधे लोंबकळत सोडलेले असतील, तर १४०-१६० अंशांचं पाणी सोडूनही उष्णता जेमतेमच वर येते. गंडलेल्या कामांत तिसरा प्रकार सर्रास आढळतो, कारण पट्ट्या महाग असतात आणि छत बंद झालं की कोणाला दिसत नाहीत.

पाइपवर छापलेली अक्षरं वाचा. ऑक्सिजन बॅरिअर असा उल्लेख आहे का बघा. त्याचं महत्त्व सातव्या पायरीत. पाइप प्लॅस्टिकचा नसून रबरी होज असेल आणि त्यावर 'एन्ट्रान २' असं छापलेलं असेल, तर पुढचं सगळं थांबवा. हा होज वयाबरोबर कडक होऊन सांध्यांवर गळतो. त्यावरून अमेरिकेत मोठे खटले झाले आहेत. तिथे सेटिंग बदलून काही होणार नाही.

आता एक हिशेब. जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान ८५ अंशांच्या (२९ सेल्सियस) वर नेत नाहीत, पायांना सोसत नाही आणि लाकूडही आकसतं. जमीन खोलीपेक्षा जितके अंश गरम, त्याच्या दुप्पट बीटीयू दर चौरस फुटाला, दर तासाला मिळतात. खोली ७०, जमीन ८० असेल तर चौरस फुटाला २०, म्हणजे २०० चौरस फुटांच्या खोलीला ४,००० बीटीयू. त्या खोलीला तीन बाजूंनी जुन्या खिडक्या असतील आणि कडाक्याच्या रात्री ती ७,००० बीटीयू गमावत असेल, तर बॉयलर कितीही मोठा आणा, खोली गारच राहणार. दोष यंत्रणेचा आहे की खिडक्यांचा, हे आधी ठरवलेलं बरं.

३. दाब आणि हवा

यंत्रणा थंड असताना गेजवर १२ ते १५ पीएसआय (दाबाचं इथलं माप) दिसायला हवेत. तापल्यावर थोडे वाढले तर ठीक. सरसर ३० च्या दिशेने जाऊन सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी पडत असेल तर एक्सपान्शन टँक (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी, आत हवा असलेली टाकी) बहुधा कामातून गेलेला आहे. दाब सतत पडत असेल तर गळती आहे, पण आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह ती लपवून ठेवतो. तो एक-दोन दिवस बंद ठेवा आणि गेजवर लक्ष द्या.

पाइपांत खळखळ ऐकू येते का? मग लूपमध्ये, म्हणजे जमिनीखालून फिरून परत येणाऱ्या पाइपच्या फेऱ्यात, हवा आहे. मॅनिफोल्डच्या (सगळे लूप जिथून फुटतात त्या जाड पाइपच्या) ड्रेनला होज लावून दुसरं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवायचं, एक सोडून बाकी सगळे लूप बंद करायचे, आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी सोडायचं. मग पुढचा लूप. सगळे लूप एकदम उघडून हवा काढायचा प्रयत्न म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. पाणी सोप्या वाटेने जातं आणि अडकलेली हवा तिथेच बसते. यंत्रणेत ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते रसायन) असेल तर मात्र हे प्लंबरवर सोडा, नाहीतर ते पातळ होईल.

४. बॉयलर कुठल्या तापमानावर लावलाय?

निम्मे घोळ इथे सापडतात, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या ओतीव लोखंडाच्या बॉयलरला परतीचं पाणी गरमच लागायचं, साधारण १३० अंशांच्या वर. त्याहून थंड आलं की धुरातली वाफ आतच थिजायची आणि बॉयलर गंजायचा. म्हणून तो १८० अंशांवर चालवत आणि जमिनीकडे जाताना मिक्सिंग व्हॉल्व्हने पाणी निववत. कंडेन्सिंग बॉयलरचं नेमकं उलट: परतीचं पाणी १३० च्या खाली आलं तरच ती वाफ आत थिजते आणि तिची उष्णता तुमच्या पदरात पडते. पण बॉयलर बदलणारा माणूस घाईत असतो. जुना काढतो, नवा टांगतो, मिक्सिंग व्हॉल्व्ह होता तिथेच ठेवतो, आणि कंट्रोलरवर कारखान्यातली बेसबोर्डसाठीची (भिंतीच्या तळाशी लावलेल्या गरम पाण्याच्या हीटरसाठीची) १८० अंशांची सेटिंग तशीच सोडतो. जास्त कार्यक्षमतेचे पैसे मोजून तुम्ही ती वापरतच नाही.

तो मिक्सिंग व्हॉल्व्हही नीट बघा. बऱ्याच ठिकाणी अंघोळीच्या पाण्यासाठी बनवलेला छोटा व्हॉल्व्ह लावलेला असतो. त्यातून पुरेसं पाणी जातच नाही, मग वरच्या मजल्यावरचे लूप उपाशी राहतात. व्हॉल्व्हवरचा मॉडेल नंबर शोधून त्याचा प्रवाहाचा आकडा प्लंबरला विचारा. मात्र हा व्हॉल्व्ह सरसकट काढायला सांगू नका. त्याच बॉयलरवर बेसबोर्डही चालत असेल, किंवा नळाचं गरम पाणीही तोच करत असेल, तर १८० अंशांचं पाणी जमिनीत शिरू नये म्हणून काहीतरी पहारा हवाच.

यानंतर आउटडोअर रिसेट. बाहेर जितकी थंडी तितकं पाणी गरम, अशी ही सोय जवळजवळ प्रत्येक कंडेन्सिंग बॉयलरमध्ये असते, पण तिचा सेन्सर कधी खोक्यातच राहतो तर कधी भलतीकडे लागतो. पट्ट्यांवर बसवलेल्या पाइपांसाठी सुरुवात म्हणून बाहेर १० अंश असताना पाणी १२०, आणि बाहेर ६० असताना ८०, असं ठेवून बघा. घर गरम राहत असेल तर १२० चा आकडा पाच अंशांनी उतरवा. ऐन थंडीत घर मागे पडायला लागलं की पाच अंश परत चढवा, तीच तुमच्या घराची सेटिंग. प्रत्येक बदलानंतर दोन दिवस थांबा. स्लॅब असेल तर आणखी.

सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर, ऊन आणि झोतापासून लांब हवा. आमच्याकडे तो कपड्यांच्या ड्रायरच्या व्हेंटवर हातभर अंतरावर लावलेला होता. रविवारी धुणी निघाली की कंट्रोलरवर बाहेरचं तापमान ५२ दिसायचं, अंगणात गुडघाभर बर्फ असताना! बॉयलर निमूटपणे पाणी निववायचा आणि संध्याकाळी घर गारठायचं. "रविवारीच कसं बिघडतं?" या प्रश्नावर तज्ज्ञांनी गॅसच्या दाबापासून थर्मोस्टॅटच्या बॅटरीपर्यंत सगळी कारणं सांगितली होती.

आणखी एक: रात्री तापमान उतरवून सकाळी चढवायची सवय इथे मोडा. जमीन तापायला तासन् तास लागतात. सकाळी सातला हुकूम दिलात तर दुपारी बाराला घर गरम होईल, आणि तोवर तुम्ही ऑफिसात असाल.

५. बॉयलर दर दोन-तीन मिनिटांनी चालू-बंद होतोय?

पाटीवरचा किमान आकडा आठवा. समजा बॉयलर १६,००० बीटीयूच्या खाली उतरू शकत नाही आणि या क्षणी फक्त बाथरूमचा झोन (एका थर्मोस्टॅटवर चालणारा घराचा भाग) १,५०० मागतोय. उरलेली उष्णता जायला जागा नाही, म्हणून तो पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. यंत्राचं आयुष्य असंच संपतं. उपाय तीन: छोटे झोन मोठ्या झोनला जोडणं, दोन पेटण्यांमधला किमान वेळ आणि तापमानाचा फरक कंट्रोलरमध्ये वाढवणं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर बफर टँक (जास्तीची उष्णता साठवणारी पाण्याची टाकी) बसवणं. पहिले दोन स्वस्त आहेत, तेच आधी करा. बॉयलर घराच्या गरजेच्या दुप्पट आकाराचा घेतलेला असेल तर हा त्रास कायमचा. जुन्याच्या पाटीवरचा आकडा बघून तेवढाच नवा आणणं ही इथली सार्वत्रिक खोड आहे.

६. बॉयलरपाशी चार तापमानं मोजा

नव्या बॉयलरच्या आतली पाण्याची वाट अरुंद असते, म्हणून बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन वर्तुळं दाखवतात: एक बॉयलरचं, एक घराचं, प्रत्येकाला आपला पंप. दोन्ही जिथे भेटतात तिथले दोन टी (तीन तोंडांचे सांधे) एकमेकांच्या अगदी जवळ हवेत, पाइपच्या व्यासाच्या चौपटीच्या आत. एक इंची पाइप असेल तर चार इंच. टेप लावून बघा. मॅन्युअलमधलं चित्र आणि तुमच्या भिंतीवरचं जाळं शेजारी ठेवून पेन्सिलने टिक करत जा; प्लंबिंग न शिकलेल्या माणसालाही फरक दिसतो.

मग चार जागी टेप गुंडाळून मोजा: बॉयलरमधून निघणारं, बॉयलरकडे परतणारं, घराकडे जाणारं, घरातून येणारं. बॉयलरमधून १३० अंशांचं पाणी निघतंय पण घराकडे ११५ च जातंय, असं दिसलं तर घराचा पंप बॉयलरच्या पंपापेक्षा जास्त पाणी ओढतोय. बॉयलरचे ५ गॅलन १३० चे आणि परतीचे ५ गॅलन १०० चे मिसळले की ११५ च होणार. अशा वेळी बॉयलरचं तापमान वाढवण्याआधी पंपांचा वेग बघायला सांगा.

७. मॅनिफोल्ड, लूप आणि पाणी

मॅनिफोल्डवरच्या छोट्या काचेच्या नळ्यांत प्रत्येक लूपचा प्रवाह दिसतो. अर्धा इंची पाइपला मिनिटाला अर्धा ते पाऊण गॅलन साधारण ठीक. एका लूपची लांबी ३०० फुटांच्या वर जाऊ नये. गंडलेल्या कामात १५० आणि ४०० फुटांचे लूप एकाच मॅनिफोल्डवर सापडतात. चाळीत पहिल्या खोलीच्या नळाला धो धो आणि शेवटच्याला करंगळीएवढी धार, तसंच हे. इलाजही तोच, जवळचे लूप आवळा. लांबचा लूप आधीच पूर्ण उघडा असतो, त्याला आणखी काय उघडणार?

आता प्रत्येक लूपचं जाण्याचं आणि येण्याचं तापमान लिहा. फरक १० ते २० अंश असेल तर काम चाललंय. ३० असेल तर प्रवाह कमी आहे. आणि जमीन गार असूनही फरक दोन-तीन अंशच असेल, तर नीट थांबून विचार करा: पाणी फिरतंय, पण उष्णता देत नाहीये. प्रवाह गुणिले फरक गुणिले ५०० म्हणजे तासाचे बीटीयू. ०.६ गॅलन आणि १५ अंशांना ४,५०० मिळतात. त्याच प्रवाहाला ३ अंशांना अवघे ९००. दुकानातला साधा १,५०० वॅटचा हीटर ५,१०० देतो. या लूपला पंप, बॉयलर, थर्मोस्टॅट काहीही बदला, उपयोग शून्य. त्याचा पाइप लाकडाला टेकलेलाच नाही.

मॅनिफोल्डपाशी आहात तर वायरिंगही तपासा. सगळे थर्मोस्टॅट खाली करा, एकच चढवा, पाच मिनिटं थांबा आणि कुठल्या ॲक्चुएटरची (लूप उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या टोपीची) खूण वर येते ते बघा. बेडरूमचा थर्मोस्टॅट हॉलच्या लूपला जोडलेला असणं इतकं सामान्य आहे की ही तपासणी कुठलंही बिल भरण्याआधी करावी.

ड्रेनमधून पेलाभर पाणी काढून उजेडात धरा. काळं आहे आणि पेल्याच्या बाहेरून चुंबक फिरवला की गाळ सरकतो? तो लोखंडाचा गंज. बॅरिअर नसलेल्या पाइपमधून ऑक्सिजन पाण्यात शिरतो आणि लोखंडी पंप, टँक खातो. असा गाळ न धुता त्यावर नवा बॉयलर जोडला असेल तर त्याच्या अरुंद वाटा चोंदणारच, आणि वॉरंटी मागितलीत तर पाण्याची अवस्था दाखवून कंपनी हात वर करील. यंत्रणा केमिकलने धुणं, चुंबकी फिल्टर, आणि पाइप बॅरिअरचे नसतील तर मधे प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन्हीकडचं पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारं यंत्र) घालून बॉयलर वेगळा करणं, हा त्यावरचा मार्ग. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर पाण्याचा पीएचही मॅन्युअलप्रमाणे हवा. गोठू नये म्हणून गाडीतला अँटिफ्रीझ ओतायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून रवाना करा.

८. जमिनीखालची डागडुजी

वरून स्प्रेच्या बाटलीने टाइलवर पाण्याचा पातळ फवारा मारा आणि हीटिंग चालू ठेवा. पाइपवरचे पट्टे आधी वाळतात आणि लूपचा नकाशा डोळ्यांसमोर उमटतो. लाकडावर हे करू नका, तिथे थर्मल कॅमेरा वापरा.

बेसमेंटमधून पाइप दिसत असतील तर तुमचं नशीब चांगलं. लोंबकळणारे पाइप जाड ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत बसवून त्याखाली किमान आर-१३ चं (आर म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता) इन्सुलेशन भरायचं. इन्सुलेशन नसेल तर तुम्ही बेसमेंट तापवताय, आणि तिथे उबदार वाटतं म्हणून खुशही होताय. पट्ट्या न लावता पाइप तसेच ठेवणार असाल तर पाइप आणि इन्सुलेशन यांच्यात दोनेक इंच पोकळी सोडा. जोइस्टच्या टोकांना, पायाच्या भिंतीवर, फटी असतात. पट्ट्यांवर खर्च करण्याआधी त्या बुजवा. वर जाड रबरी अंडरले आणि त्यावर गालिचा असेल तर तोही महिनाभर गुंडाळून ठेवून बघा.

स्लॅब असेल तर खालून काही करता येत नाही. कमी पडणाऱ्या खोलीत एखादा पॅनेल रेडिएटर लावणं हे जमीन फोडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

९. प्लंबरला बोलवताना

वहीतली मोजमापं फोटो काढून आधीच पाठवा. जो ती वाचून प्रश्न विचारतो त्याला बोलवा. जो न वाचता "नवा पंप लागेल" म्हणतो त्याला नको. विचारायचे प्रश्न: घराच्या उष्णतेच्या गळतीचा खोलीवार हिशेब, ज्याला इथे 'मॅन्युअल J' म्हणतात, तो करून देणार का? धुराची तपासणी करणारं यंत्र सोबत आणणार का? काम संपल्यावर आउटडोअर रिसेटचे आकडे, लूपचे प्रवाह आणि एक्सपान्शन टँकचा दाब लिहून देणार का? शेवटचा हप्ता हा कागद हातात आल्यावरच द्या, आणि ते करारात आधीच लिहून घ्या.

आधीचं काम परमिटविना झालेलं निघालं तर गावाच्या गॅस इन्स्पेक्टरला फोन करायला बिचकू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये प्लंबर आणि गॅस फिटर यांचं लायसन्स राज्याच्या बोर्डाकडून मिळतं आणि तक्रारही तिथेच करता येते. तक्रारीला परमिटची नोंद, मॅन्युअलमधलं चित्र, तुमच्या भिंतीचा फोटो आणि तापमानांची वही जोडा. बॉयलरचा सीरियल नंबर कंपनीकडे नोंदवलेला नसेल तर तोही याच आठवड्यात नोंदवा. काही कंपन्या वेळेत नोंदणी केली तरच पूर्ण मुदतीची वॉरंटी देतात.